खारं पाणी, पितळी नळी: कॉलेजच्या एक्स-बँड बेंचवर समुद्राचा परावैद्युतांक मोजताना

आमच्या खान्देशातल्या बऱ्याच कॉलेजांत भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये एका कोपऱ्यात मायक्रोवेव्ह बेंच असतो. पितळी चौकोनी नळ्या, स्टँड, धूळ बसू नये म्हणून वर टाकलेलं कापड. एम.एस्सी.च्या पोरांनी वर्षातून दोनदा त्यावर प्रॅक्टिकल करायचं आणि पुन्हा कापड टाकायचं. मी अमळनेरला राहते, बोरीकाठी. त्या बेंचवर मी पंधराएक वर्षं मातीचाच परावैद्युतांक मोजत आले, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती साथ देतो (खरा भाग) आणि त्यातली किती ऊर्जा जिरवतो (क्षय) ते सांगणारा आकडा: काळी कसदार, मुरमाड, तापीकाठची गाळाची, कोरडी आणि ओली. मातीसाठी जमलेली पद्धत समुद्राच्या पाण्याला लावून पाहिली तेव्हा मात्र ती साफ फसली. ती का फसली आणि मग काय केल्यावर जमलं, ते इथे सगळं सांगते, म्हणजे माझे गेले ते चार महिने दुसऱ्या कुणाचे वाचतील.

आधी हे मोजायचं कशाला, ते पाहू. उपग्रहावरचा रेडिओमीटर समुद्रातून निघणारं अगदी मंद मायक्रोवेव्ह उत्सर्जन टिपतो. २५ अंशांचं समुद्राचं पाणी एक्स-बँडमध्ये, म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, सरळ वरून पाहिलं तर जवळपास ६२ टक्के परावर्तन करतं आणि उरलेलं ३८ टक्केच उत्सर्जित करतं. म्हणून २९८ केल्विनचा समुद्र रेडिओमीटरला ११२ केल्विनच्या आसपासचा दिसतो. हे ६२ आणि ३८ ठरतात पाण्याच्या परावैद्युतांकावरून. तो चुकला तर तापमान चुकतं, क्षारता चुकते, वाऱ्याचा वेगही चुकतो. भारताच्या भास्कर-१ वर १९७९ मध्ये सामीर हा रेडिओमीटर होता, १९ आणि २२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर. १९९९ च्या ओशनसॅट-१ वर एमएसएमआर हा रेडिओमीटर होता आणि त्याची एक वारंवारता होती १०.६५ गिगाहर्ट्झ. आपल्या कॉलेजचा बेंच ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे उपग्रह ज्या पट्ट्यात समुद्र पाहतो, त्यातला एक पट्टा आपल्या टेबलावर आहे. मृगाची वाट बघत पेरणी थांबवणाऱ्या मुलखात अरबी समुद्राचं तापमान ही कोरडी माहिती नसते. त्याचा एक धागा आपल्या लॅबपर्यंत येतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

क्षारता मोजणारे उपग्रह वेगळे: २००९ चा स्मॉस, २०११ चा अक्वेरियस (तो २०१५ मध्ये बंद पडला), २०१५ चा स्मॅप. ते १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पाहतात. त्याचं कारण समजून घ्या, कारण त्यातूनच आपल्याला काय मोजता येईल ते कळतं. पाण्यात ऊर्जा दोन वाटांनी जिरते. एक म्हणजे पाण्याचे रेणू विद्युत क्षेत्राबरोबर फिरायला बघतात आणि मागे पडतात. दुसरी म्हणजे मिठाचे आयन इकडून तिकडे धावतात. आयनांचा वाटा वारंवारता वाढली की त्याच प्रमाणात घटतो. २५ अंशांच्या, ३५ क्षारतेच्या (किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार) पाण्यात क्षयाच्या आकड्यातला हा वाटा १.४ गिगाहर्ट्झला ६७ च्या घरात असतो आणि ९.४ गिगाहर्ट्झला जेमतेम १० राहतो. म्हणून क्षारतेसाठी खालचा पट्टा. आपल्या बेंचवर मिठाची खूण दिसते, पण पुसट. ती पकडायला हात फार स्थिर हवा.

पाणी कुठून आणायचं

सुरत लाइन आमच्या दारातून जाते. सकाळची गाडी धरून सुरतेला उतरायचं, डुमसच्या किनाऱ्यावरून बाटल्या भरायच्या, रात्री घरी. पहिल्यांदा मी तेच केलं, दिवाळीच्या सुट्टीत. लॅबमध्ये वाहकतेचा मीटर लावला तर क्षारता २८ च्या आसपास. समुद्राची ३५ धरून बसले होते, त्यामुळे मीटरच बिघडला म्हणून दोन दिवस तो सोलत बसले. मीटर ठीक होता. डुमस म्हणजे तापीचं मुख. पावसाळ्यानंतर भुसावळवरून, प्रकाशावरून वाहत गेलेलं आपलंच पाणी तिथे समुद्रात मिसळत होतं, आणि मी ते गाडीने परत आणलं होतं.

ती बाटली टाकू नका. कमी क्षारतेचा नमुना म्हणून तिचा उपयोग होतो. पण मुख्य नमुना नदीच्या मुखापासून लांबचा, खडकाळ किनाऱ्याचा घ्या, जानेवारी ते मे या काळातला. माझी एक विद्यार्थिनी घरच्यांबरोबर गणपतीपुळ्याला गेली होती, तिने आणलेलं पाणी मला सर्वांत उपयोगी पडलं. काचेची बाटली घ्या, घट्ट बुचाची. त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि गळ्यापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका. अर्धी बाटली मे महिन्यात डब्यात घेऊन आलात तर बाष्प वरच्या हवेत आणि बुचावर जातं, बूच उघडलं की निसटतं. पाण्याचं वजन १ टक्का घटलं की ३५ ची क्षारता ३५.३५ होते. आणल्यावर वाळू, शेवाळ बसू द्या, मग वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. गाळताना काचेचं झाकण ठेवा. पंख्याखाली गाळू नका.

क्षारता कशी ठरवायची? बाटलीबंद प्रमाणित समुद्रजल महाग असतं, पण रसायनशास्त्र विभागात पोटॅशियम क्लोराइड असतंच. १९७८ च्या क्षारता मापनश्रेणीची व्याख्याच त्यावर आहे: १ किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, तापमान १५ अंश. या द्रावणाची वाहकता ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतकी असते, १५ अंशांना ४२.९ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. हे पोटॅशियम क्लोराइडचं मीठ ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये गार करा, मगच वजन करा. १ लिटर पाण्यात नव्हे, मीठ धरून एकूण १ किलो द्रावण. ही चूक पोरं हमखास करतात. १५ अंशांसाठी जानेवारीतली सकाळ धरा. आमच्याकडे तेव्हा पहाटे पारा ११-१२ वर असतो, बादलीतलं पाणी आपोआप गार मिळतं. हे द्रावण फक्त वाहकतेच्या मीटरची तपासणी करण्यासाठी. परावैद्युतांकासाठी ते समुद्राच्या जागी वापरायचं नाही. साध्या मिठाचं पाणीही नाही. समुद्रात मॅग्नेशियम आहे, सल्फेट आहे, त्यांचे आयन वेगळे वागतात.

मातीची पद्धत इथे का चालत नाही

माती मोजताना आम्ही वेव्हगाइडच्या, म्हणजे त्या पितळी चौकोनी नळीच्या, टोकाला नमुना भरतो आणि स्लॉटेड लाइनवर (फट असलेली नळी, तिच्यातून लहर जागोजागी वाचता येते) दोन गोष्टी पाहतो: जाणारी आणि परतणारी लहर मिळून होणाऱ्या स्थिरतरंगाचं कमाल-किमान गुणोत्तर किती आणि त्याचा किमान बिंदू किती सरकला. ऊर्जा शोषणाऱ्या पदार्थासाठी तर हे आणखी सोपं, कारण नमुना 'अनंत' जाडीचा धरता येतो. समुद्राचं पाणी इतकं शोषतं की दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे अनंतच. मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम.

आमच्या लॅबचे नाना आयुष्यभर त्या बेंचपाशी उभे राहिलेले. दोन सेल त्यांनी भरून ठेवले, एकात डिस्टिल्ड वॉटर, एकात समुद्राचं. पहिलं गुणोत्तर आलं १२. दुसरं आलं १२. मी पुन्हा घेतलं, तेच. नाना डोकावून म्हणाले, "मॅडम, पानी त बठ्ठं सारखंच दिसस!"

बेंच खरंच तसं सांगत होता. रात्री गणित मांडलं तेव्हा कारण कळलं. ९.४ गिगाहर्ट्झला आमच्या वेव्हगाइडमध्ये शुद्ध पाण्याचं गुणोत्तर ११.९ च्या पुढेमागे येतं आणि समुद्राच्या पाण्याचंही तेवढंच. किमान बिंदू शुद्ध पाण्यात ०.१३ मिलिमीटर सरकतो, समुद्राच्या पाण्यात ०.१७. स्लॉटेड लाइनचा व्हर्नियर ०.१ मिलिमीटर वाचतो. हवेतून पाण्यावर आदळताना लहर इतकी परतते की आत कोणतं पाणी आहे हा फरक त्या परतलेल्या भागात जवळजवळ बुडून जातो. म्हणून परतणारी लहर सोडा, पाण्यातून पार जाणारी पाहा. तिथे फरक ढळढळीत आहे: शुद्ध पाणी दर मिलिमीटरला सुमारे ३ डेसिबल खातं, समुद्राचं ३.८.

जोडणी

बेंचच्या कपाटात मॅजिक टी नावाचा चार तोंडांचा तुकडा असतो, बहुधा दोन. ते दोन्ही काढा. लहर निर्माण करणारा गन ऑसिलेटर, लहर एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर, पिन मॉड्युलेटर, वारंवारता-मीटर, मग पहिली मॅजिक टी. तिथे लहर दोन वाटांना फुटते. एका वाटेत पाण्याचा सेल, दुसऱ्या वाटेत लहर क्षीण करणारा मोजपट्टीवाला ॲटेन्युएटर आणि लहरीची कला (फेज) पुढेमागे करणारा फेज शिफ्टर. दुसऱ्या मॅजिक टीमध्ये दोन्ही वाटा पुन्हा भेटतात आणि तिच्या फरकाच्या तोंडाला डिटेक्टर लावायचा. दोन्ही वाटांतून आलेल्या लहरी सारख्या झाल्या की डिटेक्टर शून्यावर येतो. पाणी वाढवलं की शून्य मोडतं, आपण ॲटेन्युएटर आणि फेज शिफ्टर फिरवून ते पुन्हा आणतो. किती फिरवलं, तेवढीच नोंद. डिटेक्टरच्या क्रिस्टलचा स्वभाव कसाही असो, शून्य ते शून्यच. या पद्धतीवर माझा जीव आहे तो याचसाठी.

सेलच्या दोन्ही बाजूंना आयसोलेटर लावल्याशिवाय सुरुवात करू नका. पाण्यावरून बहुतांश शक्ती परत येते. ती ऑसिलेटरकडे किंवा दुसऱ्या वाटेत घुसली तर दिवसभर खोटी शून्यं सापडत राहतात.

ॲटेन्युएटर फिरत्या पात्याचा, म्हणजे रोटरी व्हेनचा असावा. साधा पत्रीवाला ॲटेन्युएटर आत सरकवला की लहरीची कलाही बदलतो आणि ती भर नकळत तुमच्या आकड्यात येते. फेज शिफ्टरवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, आधी तपासून घ्या: स्लॉटेड लाइन, पुढे फेज शिफ्टर, शेवटी शॉर्ट. फेज शिफ्टर फिरवत किमान बिंदू किती सरकतो ते पाहा. ९.४ गिगाहर्ट्झला वेव्हगाइडमधली तरंगलांबी ४४.५ मिलिमीटर. लहर जाताना आणि येताना दोनदा त्यातून जाते, तो हिशेब धरून किमान बिंदू १ मिलिमीटर सरकला म्हणजे एकेरी ८.१ अंश. याचा तक्ता करून भिंतीवर लावा.

सेल

सेल म्हणजे १० सेंटिमीटरचा वेव्हगाइडचा तुकडा, उभा. खालच्या फ्लँजवर (नळ्या जोडायच्या स्क्रूच्या कडेवर) अभ्रकाची पातळ चकती ॲराल्डाइटने चिकटवलेली, वर बेंड लावून लहर डिटेक्टरकडे वळवलेली. पाणी घालायला रुंद भिंतीच्या बरोबर मधल्या रेषेवर, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर १ मिलिमीटरचं भोक पाडा. मधल्या रेषेवरच का? स्लॉटेड लाइनची फट जिथे असते तीच ती जागा, तिथे भिंतीतला प्रवाह कमीत कमी तुटतो. या भोकातून सिरिंजची सुई आत घालता येते, दर वेळी फ्लँज उघडावी लागत नाही.

पितळेचं काय होतं, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं. समुद्राचं पाणी त्याहून वाईट. पहिल्या दिवशी मी सेल तसाच ठेवून घरी गेले, सकाळी आत हिरवा थर आणि पाण्यात तांब्याचा अंश. तो नमुना आणि तो दिवस दोन्ही गेले. घरी भांड्याला कल्हई करतो, इथे मी चांदीचा मुलामा दिला. जळगावच्या सराफ बाजारात मुलामा देणारे कारागीर आहेत. त्यांना नळीचा तुकडा दाखवला तर आधी कोड्यात पडले, मग आतल्या कोपऱ्यांपर्यंत असा सारखा थर बसवून दिला की मी आजही तोच सेल वापरते. मुलाम्यानंतर आतलं माप पुन्हा घ्या.

माप म्हणजे २२.८६ गुणिले १०.१६ मिलिमीटर. त्यावरून १ मिलिलिटर पाणी सेलमध्ये ४.३ मिलिमीटर उंच उभं राहतं, ०.२ मिलिलिटर ०.८६ मिलिमीटर. पाण्याची कड भिंतीवर थोडी चढते, मधला भाग खोल राहतो. दहा मिलिमीटरच्या फटीत हे चढणं दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण आपण उंची मोजत नाही, उंचीतला फरक मोजतो. भिंती स्वच्छ आणि आधीच ओल्या असतील तर वरचा आकार तसाच राहून सगळा पृष्ठभाग वर सरकतो आणि चढणं हिशेबातून निघून जातं. अभ्रकाच्या चकतीचंही तसंच. म्हणून सेल आधी साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. बोटाचा तेलकट डागही चालत नाही.

सेल ओळंब्यात उभा हवा. मी गवंड्याची पाणसळ वापरते, दोन्ही दिशांनी. सेल १ अंश कलला तर रुंदीच्या एका टोकाला पाणी दुसऱ्यापेक्षा ०.४ मिलिमीटर खोल होतं. या पाण्यात लहरीची कला दर मिलिमीटरला ९० अंश बदलते. म्हणजे एकाच लहरीच्या दोन टोकांत ३६ अंशांचा फरक, आणि शून्य कधीच नीट लागत नाही. शून्य धूसर दिसायला लागलं की मी आधी पाणसळ बघते, मग बाकी सगळं.

तापमान

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वाहकता दर अंशाला साधारण २ टक्के वाढते. त्याच वेळी तापलेल्या पाण्याचे रेणू चपळ होतात आणि एक्स-बँडमध्ये त्यांचा ऊर्जाक्षय कमी होतो. दोन्ही गोष्टी उलट दिशांनी ओढतात, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात एकूण क्षय तापमानाने फारसा हलला नाही असं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. वास्तविक आत दोन्ही बाजू बदललेल्या असतात. तापमान लिहिलेलं नाही असा आकडा मी विद्यार्थ्याच्या वहीत मान्य करत नाही.

आमची सोय अशी आहे: सेलभोवती तांब्याच्या नळीचे वेढे, बादलीतलं पाणी त्यातून फिरवायला माशांच्या टाकीचा छोटा पंप, आणि वरून कापसाचा जाड थर. कापूस पोरांनी घरून आणलेला, आमच्याकडे त्याला तोटा नाही. बादलीत बर्फ किंवा गरम पाणी घालून तापमान राखायचं. थर्मोकपल बादलीत नको, सेलमधल्या पाण्यात हवं. त्याच भोकातून घालायचं, वाचायचं आणि मापनापूर्वी बाहेर काढायचं. बादली २५ वर स्थिर झाली तरी आतलं पाणी तिथे यायला वेळ लागतो. मी वीस मिनिटं थांबते. मे महिन्यात, बाहेर ४४-४५ असताना, २५ अंश राखायचा हट्ट धरू नका. त्या दिवसांत ३५ आणि ४० चे नमुने घ्या आणि गार तापमानं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेसाठी राखून ठेवा. ऋतूंनी इतका पल्ला आयता दिला आहे, तो वापरा.

बुडबुडे हा दुसरा शत्रू. गार पाणी सेलमध्ये कोमट झालं की त्यातली हवा सुटते आणि भिंतीला, अभ्रकाला बारीक मोत्यांसारखी चिकटते. पाणी उकळू नका, क्षारता बदलेल. बंद बाटली मोजायच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश गरम पाण्यात तासभर ठेवा, बूच क्षणभर सैल करून हवा जाऊ द्या, पुन्हा बंद करा आणि मग निवू द्या.

प्रत्यक्ष मापन

गन ऑसिलेटर अर्धा तास तापू द्या. वीज गेली तर परत आल्यावर पुन्हा अर्धा तास. घाई करून मिळालेले आकडे मी शेवटी खोडलेलेच आहेत. वारंवारता नोंदवा. रिकामा सेल जोडून शून्य लावा आणि ॲटेन्युएटर, फेज शिफ्टर या दोन्हींचे आकडे लिहा. हे दिवस संपताना लागणार आहेत.

पहिला मान डिस्टिल्ड वॉटरला, नेहमी. १ मिलिलिटर घाला, सुई भिंतीला टेकवून हळू, शिंतोडा न उडवता. भिंतीवर लटकून राहिलेला थेंब पाण्यात पोचलेला नसतो, पण तुमच्या हिशेबात आलेला असतो. सिरिंजच्या खुणा बघून नाही तर वजनावरून मोजा: घालण्यापूर्वी आणि नंतर सिरिंज रसायनशास्त्र विभागाच्या मिलिग्रॅम काट्यावर ठेवा. वजनाचं आकारमान करताना घनता विसरू नका. २५ अंशांना शुद्ध पाण्याची ०.९९७, ३५ क्षारतेच्या पाण्याची १.०२३.

शून्य लावा, नोंदवा. मग ०.२ मिलिलिटर घाला, पुन्हा शून्य, पुन्हा नोंद. असं २ मिलिलिटरपर्यंत. डिस्टिल्ड वॉटरला प्रत्येक टप्प्यावर सुमारे २.६ डेसिबल आणि ८० अंश, समुद्राच्या पाण्याला सुमारे ३.३ डेसिबल आणि ७७ अंश बदल दिसायला हवा. टप्पा ०.२ चाच ठेवण्याचं कारण कला आहे: टप्पा फार मोठा घेतला तर ३६० अंशांचा फेरा पूर्ण झाला की नाही ते कळत नाही. १ मिलिलिटरच्या आधीचे बिंदू वापरायचे नाहीत, कारण पातळ थरात लहर वरखाली आपटून परत येते आणि बिंदू रेषेभोवती डोलतात. २ मिलिलिटरच्या वर गेलात तर सिग्नल डिटेक्टरच्या गोंगाटात जातो.

आलेख कागदावर काढा. आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर एकदा डेसिबल आणि एकदा कला. दोन्ही सरळ रेषा हव्यात. एखादा बिंदू बाहेर पडला तर खोडू नका, त्या वेळी काय झालं ते वहीत शोधा. बहुतेकदा थेंब लटकलेला असतो किंवा बुडबुडा असतो.

आता हिशेब. डेसिबलच्या रेषेचा चढ ८.६८६ ने भागा, ही अल्फा. कलेच्या रेषेचा चढ रेडियनमध्ये करा, ही बीटा. दोन्ही दर मिलिमीटरला. हवेतली तरंगलांबी ३१.८९ मिलिमीटर, ती दोन पायने भागून वर्ग केला की २५.७६ येतात. खरा भाग म्हणजे २५.७६ गुणिले (बीटाचा वर्ग वजा अल्फाचा वर्ग), अधिक ०.४९. हे ०.४९ वेव्हगाइडच्या कटऑफमुळे (याहून लांब तरंग नळीतून जात नाही, ती मर्यादा) येतात: ३१.८९ भागिले ४५.७२, त्याचा वर्ग. क्षयाचा भाग म्हणजे २५.७६ गुणिले दोन गुणिले अल्फा गुणिले बीटा. वारंवारता बदलली की हे सगळे स्थिरांक नव्याने काढायचे.

समुद्राच्या पाण्याचा एक नमुना हिशेब देते. चढ ३.८२ डेसिबल, म्हणून अल्फा ०.४४. कला ९० अंश, म्हणून बीटा १.५७. खरा भाग ५९, क्षय ३५.६. क्लाइन आणि स्विफ्ट यांचं १९७७ चं सूत्र २५ अंश, ३५ क्षारता, ९.४ गिगाहर्ट्झ यांसाठी याच परिसरातले आकडे देतं. शुद्ध पाण्यासाठी त्याच तापमानाला खरा भाग ६४ आणि क्षय २९ यायला हवा. डिस्टिल्ड वॉटरला हे आकडे दोन-तीन टक्क्यांत आले नाहीत तर समुद्राच्या बाटलीला हात लावू नका, दोष सेलमध्ये आहे. उंचीत १ टक्का चूक म्हणजे परावैद्युतांकात २ टक्के, म्हणून आधी सेलचं आतलं माप आणि वजनाची नोंद तपासा.

दोन-तीन टक्क्यांत उपग्रहाचं सूत्र सुधारणार नाही, हे पोरांना मी आधीच सांगते. १.४१३ गिगाहर्ट्झसाठी अमेरिकेत रॉजर लँग यांच्या गटाने मायक्रोवेव्ह पोकळीतून (धातूच्या बंद डब्यातून) बारीक काचेची नळी नेऊन, त्यात समुद्राचं पाणी भरून, वर्षानुवर्षं जी मापनं केली त्यांची अचूकता वेगळ्याच पातळीची आहे. उष्ण समुद्रात त्या पट्ट्यात १ क्षारतेने उत्सर्जनाचं तापमान अर्धा-पाऊण केल्विनच बदलतं, त्यामुळे त्यांना तशी अचूकता लागते. आपल्या बेंचवर मात्र तापमानाचा कल, डुमसच्या आणि गणपतीपुळ्याच्या पाण्यातला फरक, रेणूंचा आणि आयनांचा वाटा वेगळा काढणं, हे सगळं स्वतःच्या हाताने होतं. वाहकता-मीटरच्या आकड्यावरून आयनांचा वाटा काढा आणि क्षयातून वजा करा. उरतो तो रेणूंचा. २५ अंशांना ३५.६ मधून १० गेले की २५ च्या पुढे उरतात, म्हणजे शुद्ध पाण्याच्या २९ पेक्षा कमी. मिठाने क्षय वाढवलाही आणि पाण्याच्या रेणूंचा स्वतःचा क्षय घटवलाही, कारण प्रत्येक आयन आपल्याभोवतीचे काही रेणू धरून ठेवतो आणि त्यांना क्षेत्राबरोबर मोकळं फिरू देत नाही. ही वजाबाकी पोरांच्या वहीत पहिल्यांदा उतरते तो तास मला दरवर्षी हवासा वाटतो.

नमुना झाला की सेल लगेच रिकामा करा, त्याच तासात. तीनदा डिस्टिल्ड वॉटर, शेवटी थोडं ॲसिटोन, मग उलटा टांगून कोरडा होऊ द्या. केस वाळवायच्या गरम हवेने अभ्रकाची चकती सुटते. कोरडा सेल पुन्हा जोडा, शून्य लावा आणि सकाळच्या रिकाम्या सेलच्या आकड्यांशी ताडून पाहा. ०.२ डेसिबल किंवा २ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी फ्लँज सैल झाली, ऑसिलेटर सरकला किंवा चकतीच्या कडेने पाणी झिरपलं. नानांना बोलवायचं, चारही स्क्रू तपासायचे आणि त्या दिवसाचं पान वहीत तिरपी रेघ मारून, कारण लिहून ठेवून, दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरपासून पुन्हा सुरू करायचं.